गच्चीवरची तेवीस डब्यांची बाग आणि कोळशाचे बेट

१४ नोव्हेंबर १९९७, शुक्रवार, सकाळी साडेनऊ. रक्कम साठ कुवेती दिनार. जागा महबूलातल्या आमच्या इमारतीची गच्ची. हजर चौघे: मी, माझी बायको, इमारतीचा इजिप्शियन राखणदार, ज्याला तिथे हारिस म्हणतात, आणि चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा जपानी शेजारी.

साठ दिनार घरमालकाने मागितले होते. जपान्याच्या छताला ओल आली होती आणि ती आमच्या बागेमुळे आली, असे हारिसचे म्हणणे होते. पैसे द्या आणि डबेही खाली उतरवा, असा निरोप होता.

पैशांचे मला फार वाटले नाही. प्रश्न डब्यांचा होता. बायको नाशिकला शाळेत विज्ञान शिकवत असे. कुवेतला आल्यावर व्हिसा असा, की नोकरी करता येईना. मी सकाळी सहाला शुऐबाच्या कारखान्यात जायचो, तो संध्याकाळी पाचला परत. मार्चमध्ये तिने दूधपावडरचे आणि तेलाचे रिकामे डबे जमवले आणि गच्चीवर बाग केली. कोथिंबीर, मेथी, पुदिना, अळू, एक कढीपत्ता. एकूण तेवीस डबे. उन्हाळाभर तिने जुन्या चादरींचा मांडव घालून जमेल तेवढे जगवले होते. ती बाग गेली असती तर ती मुलींना घेऊन परत नाशिकला गेली असती. तसे ती मला दोनदा म्हणाली होती आणि ती उगाच काही बोलत नाही.

हारिसने खिशातून तक्रारीचा कागद काढला. मला तो मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, म्हणे. "मुहंदिस, ये साहब साइन करेगा, बस. फिर तुम पैसा देगा."

जपान्याने सही केली नाही. तो वाकला, मेथीच्या डब्यातली माती चिमटीत घेतली आणि मला इंग्रजीत विचारले, "ही वर कोणी आणली?"

"मी. लिफ्टमध्ये माती न्यायला हा बंदी करतो. पंधरा पोती, जिन्याने."

तो इतका हसला की हारिस गोंधळून कागदाची घडी घालू लागला. "आम्ही पण," तो म्हणाला. "नऊ मजले."

मग त्याने एक व्यवहारी गोष्ट सुचवली. चार दिवस बागेला पाणी घालायचे नाही. तो आपल्या घरातल्या छतावरच्या ओलीभोवती रोज सकाळी पेन्सिलीने रेघ मारील आणि शेजारी तारीख लिहील. डाग थांबला तर दोष बागेचा, वाढला तर दुसऱ्या कशाचा. मी लगेच हो म्हटले.

"तुमच्या प्रयोगापायी माझी मेथी मरेल," बायको म्हणाली.

"चार दिवसांनी मेथी मरत नाही."

"तुम्ही कधी मेथी झाला होता का?"

त्या चार दिवसांत जपानी रोज संध्याकाळी डागाची बातमी द्यायला आमच्याकडे येई आणि चहाला थांबे. त्यामुळे आम्हाला त्याच्या बेटाची हकिगत कळली. तो नागासाकीजवळच्या समुद्रातल्या एका बेटावर जन्मला. बेट म्हणजे कोळशाच्या खाणीचे तोंड. खाण समुद्राच्या तळाखाली. बेटाची लांबी पाचशे मीटरच्या आत, रुंदी दीडशेच्या थोडी वर, आणि भरात असताना त्यावर पाच हजारांहून जास्त माणसे. मी वहीत भागाकार करून पाहिला. माणशी जागा आमच्या स्वयंपाकघराएवढी निघाली.

"मग राहायचे कुठे?" बायकोने विचारले.

"वर," तो म्हणाला. सिमेंटच्या उंच इमारती, शाळा, दवाखाना, सिनेमा, सगळे एकमेकांना चिकटून. झाड नाही. म्हणून लोकांनी बोटीने माती आणली आणि गच्चीवर भाजी लावली. ती माती लहान मुलांनी पाठीवरून वर नेली. त्याच्या वाट्याला मुळ्याची एक ओळ होती. पिण्याचे पाणीही पुष्कळ वर्षे बोटीनेच येई. पुढे समुद्राखालून नळ आला.

युद्धाच्या काळात त्या खाणीत कोरियन आणि चिनी माणसांना जबरदस्तीने राबवले, हेही त्यानेच सांगितले. "वहीत लिहीत असाल तर तेही लिहा," तो म्हणाला. मी लिहिले.

"आणि बंद का पडली?"

"तेल आले. कोळसा कोणालाच नको झाला. चौऱ्याहत्तर साली जानेवारीत खाण बंद झाली आणि एप्रिलमध्ये शेवटची बोट निघाली. आई गच्चीवर मुळे उपटत होती आणि खालून वडील ओरडत होते, बोट सुटेल!" त्याने कोथिंबीर वडी तोंडात टाकली. "आता मी तेलवाल्यांच्या पंपांची दुरुस्ती करतो. पगार चांगला आहे."

त्या बैठकीत त्याने तेरा वड्या खाल्ल्या. बायकोने मोजल्या म्हणून मला माहीत.

मंगळवारी चौथी रेघ मारली. बाग चार दिवस कोरडी होती आणि डाग दोन बोटे वाढला होता. आम्ही दोघे वर गेलो आणि पाण्याच्या टाकीत हात घातला. टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा अडकला होता. जास्तीचे पाणी टाकीखालच्या भेगेत जात होते. बायकोने त्याच मिनिटाला मेथीला पाणी घातले.

२१ तारखेला, शुक्रवारी, घरमालक स्वतः आला. वय सत्तरीचे. तरुणपणी मुंबईला खजूर विकायला जात असे, त्यामुळे हिंदी फर्डे. त्याने टाकी पाहिली, जपान्याच्या रेघा पाहिल्या आणि हारिसकडे पाहून मान हलवली. बागेला पाणी बंद होते याचा पुरावा म्हणून मी माझी वही पुढे केली; तिच्यात बागेच्या पाण्याची रोजची नोंद होती. चार दिवसांपुढे शून्य लिहिले होते. म्हाताऱ्याने मागची पाने उलटली.

"ये रोज का चौबीस क्या है?"

"लिटर. सरासरी."

"किसका पानी?"

पाणी घरमालकाच्या बिलात होते.

"दाखवा अजून वही," बायको पुटपुटली.

जपान्याने आमची बाजू सावरायला बेटाची गोष्ट सांगितली आणि मी ती हिंदीत केली. पाणी बोटीने येई, हे ऐकून म्हातारा टाकीच्या कठड्यावर बसला. "मेरा बाप भी नाव का पानी खरीदता था. बसरा की तरफ से आता था. गधे पर चमडे की मशक लादके घर घर बेचते थे." तो थोडा वेळ माझ्या बायकोच्या अळूकडे पाहत राहिला. मला वाटले, जमले.

"बाग रहेगा," तो म्हणाला. "डब्बे के नीचे ईंट लगाओ, हवा जाए. लेकिन पानी का पैसा दो. नाव का पानी जिसने पिया, वो मुफ्त नहीं देता."

"बरोबर आहे त्यांचे," बायको मला म्हणाली. "मांडा हिशेब."

१८ मार्च ते १४ नोव्हेंबर, धुळीच्या वादळाचे दोन दिवस सोडून दोनशे चाळीस दिवस. चोवीस लिटरप्रमाणे पाच हजार सातशे साठ लिटर, म्हणजे बाराशे सदुसष्ट गॅलन. दर हजार गॅलनला आठशे फिल्स, आणि हजार फिल्सचा एक दिनार. एक दिनार आणि साडेतेरा फिल्सच्या वर काही. सगळ्यात लहान नाणे पाच फिल्सचे, म्हणून वर धरून पंधरा.

"पंद्रह फिल्स छोड दो," म्हातारा म्हणाला.

"नाही हाजी, हिशेब पुरा."

तो हसला आणि तळहात पुढे केला. घरमालकाला मी एक दिनार पंधरा फिल्स दिले, त्याने ते मोजून घेतले. गोळा बदलायला आणि भेग बुजवायला आलेल्या नळवाल्याला घरमालकाने साडेचार दिनार दिले. साठ दिनार कोणीच कोणाला दिले नाहीत.