पौषातलं लग्न

फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. सुधाकर, माझे यजमान, पलीकडून एवढंच म्हणाले की मामा गेले, दुकानातच, गादीवर बसल्याजागी. मी "बरं" म्हणाले, फोन पालथा ठेवला आणि राहिलेली हजेरी पूर्ण केली. एका मुलीचं नाव दोनदा घेतलं म्हणून वर्ग हसला, तेवढंच आठवतं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे परतूर भागात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे. मामांचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, कापडाचं दुकान. लग्नाचा बस्ता बांधायला मंठ्यापासून लोक त्यांच्याकडे यायचे, आणि त्या दिवशीही एक बस्ताच चालला होता. मी पोहोचले तर नवरीकडच्या बाया पसरलेले तागे आपल्या हातानं घड्या घालून पुन्हा फळीवर ठेवत होत्या, कोणी त्यांना सांगितलेलं नसताना. मला रडू आलं नाही. तेव्हा आलं नाही, दहाव्याला आलं नाही, तेराव्यालाही नाही. लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, सून धीराची आहे. धीर कसला, डोकं नुसतं सुन्न झालं होतं. भाजीत दोनदा मीठ पडायचं आणि ते कळायला सुधाकरांना ताटावरून उठावं लागायचं.

मामांबद्दल लिहायचं तर बागाबद्दल लिहावं लागतं, आणि त्याला इलाज नाही. होय, तेच गोव्यातलं बागा, जिथं सूर्य मावळला की दिवस सुरू होतो. कपड्याच्या कंपनीच्या एका योजनेत मामांना सहकुटुंब गोव्याची सहल मिळाली, त्याला आता बरीच वर्षं झाली, माझी मुलं तेव्हा कडेवरची होती. पौष महिना. पौषात आमच्याकडे लग्नं नसतात, म्हणजे बस्ते नसतात, म्हणजे मामांना सुट्टी. कंपनीनं हॉटेल कुठं दिलंय याची चौकशी कोणी केली नव्हती. आत्यांनी धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू बांधून घेतले, आणि मामांनी सवयीप्रमाणे पिशवीत दोन टॉवेल, दोन टोप्या, एक खण आणि नारळ टाकला. कुठंही जाताना ते एवढं घेऊनच निघत. वाटेत कोणाचं काय निघेल सांगता येत नाही, रिकाम्या हातानं कसं उभं राहायचं, हे त्यांचं म्हणणं.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलाला लागून असलेल्या मांडवात दिव्यांच्या माळा लागल्या आणि जमीन हादरेल असं वाजायला लागलं. आम्ही वाळूवरून परत येत होतो. दारात पांढरा शर्ट घातलेला एक पन्नाशीचा माणूस उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलावत होता. आमचा घोळका पाहून तो म्हणाला, "आओ, आओ, पूरी फॅमिली आओ, सबका वेलकम." मामा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जी कृतज्ञता आली ती मी कधी विसरणार नाही. ते आत्यांकडे वळून म्हणाले, "चूलबंद आवतण देऊन राह्यला माणूस. न्हाई कसं म्हणावं?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, लग्नाचं बोलावणं घरातल्या एकट्यादुकट्याला न देता सगळ्यांना दिलं, इतकं की त्या दिवशी घरची चूल पेटवायची गरज नाही, तर त्याला चूलबंद आवतण म्हणतात. ते मोठ्या मानाचं. सुधाकर काही सांगायला गेले, पण मामा तोवर खोलीवर जाऊन धोतर बदलून, टोपी घालून, पिशवी घेऊन आलेसुद्धा. आत्यांनी ठेवणीतलं नेसलं. मला हसावं की पळून जावं कळेना.

आम्ही रांगेनं आत गेलो. आत अर्ध्या चड्डीतली माणसं नाचत होती. मामांनी इकडंतिकडं पाहिलं, त्या पांढऱ्या शर्टवाल्याला गाठलं, त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला आणि विचारलं, "नवरदेव कोणता?" तो माणूस मालक होता. नाव आंतोन, पण मामांच्या कानात ते अंतू असं गेलं आणि पुढं आमच्याकडे अंतूभाऊ हेच राहिलं. तो हसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. तो हसला नाही. टोपी सरळ केली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि मोडक्या हिंदी-मराठीत समजावून सांगितलं की लग्न नाही, इथं रोज असंच असतं. मामांनी थोडा विचार केला. रोज लगीन, म्हणजे खर्चा फार होत असेल, असं काहीतरी म्हणाले. आहेर परत घ्यायला मात्र त्यांनी बिलकुल नकार दिला, दिलेला आहेर परत घेत नसतात. मग अंतूभाऊनं आम्हाला वाळूकडच्या कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि भात-आमटी खाऊ घातली.

त्यानंतर दर पौषात बागा. कंपनीची योजना एकदाच होती, पुढच्या खेपा मामांनी आपल्या आपण केल्या. गावाकडं कोणी डोळा मिचकावून विचारलं, "काय, गोव्याला गेल्ते म्हणं?" तर ते गंभीरपणे सांगायचे, "हो, लग्नाला गेल्तो." गर्दी व्हायच्या आत, दिवेलागणीला, आम्ही त्या कोपऱ्यात बसायचो. मामा गुडघ्यांवर हात ठेवून, मांडवात वरबाप बसतो तसे, नाचणाऱ्यांकडे बघत राहायचे. नाचाकडे त्यांचं लक्ष नसायचं. एखादीचा झगा दाखवून हळूच म्हणायचे, "रंग पहिल्या धुण्यात उतरन." मग रात्रीची गर्दी वाढली की उठायचे, खोलीवर जाऊन कानात परतूरच्या कापसाचे बोळे घालून झोपायचे आणि उजाडताना समुद्रावर जायचे. त्या वेळी वाळूवर फक्त रात्र संपवून परतणारी तरुण पोरं आणि आमचे मामा-आत्या असायचे. पोरं नमस्कार करायची. मामा त्यांना लाडू द्यायचे.

अंतूभाऊला कोणीतरी सांगितलं असावं की आहेर घेतला की परत करावा लागतो. दुसऱ्या वर्षी त्यानं आत्यांच्या हातात एक घडी ठेवली. उलगडली तर नारळाची झाडं छापलेला, किनाऱ्यावर कमरेला गुंडाळतात तो फडका. त्याला वाटलं होतं, ही साडीच. आत्यांनी तोंडावर पदर धरून हसू दाबलं, फडका डोळ्यांना लावला, आणि घरी येऊन त्याची उशी शिवली. तिसऱ्या वर्षापासून मात्र म्हापशाच्या बाजारातून खरी साडी यायला लागली. दर वर्षी. मामा ती साडी हातात घेऊन, बोटांनी पोत चाचपून, मान डोलवायचे. परतूरचा कापडवाला म्हापशाच्या साडीला बरं म्हणतो, ही त्यांच्या लेखी फार मोठी गोष्ट होती. आत्यांना तो ताई म्हणायचा. त्यांचा सख्खा भाऊ वारल्यापासून त्यांना कोणी साडी नेसवलेली नव्हती, हे माझ्या कितीतरी उशिरा लक्षात आलं.

आणि आता हे भाऊ नसणंच आडवं आलं. आमच्यात नवरा गेल्यावर बाईला घराबाहेर पहिल्यांदा काढायचं ते माहेरच्या माणसानं. भाऊ येतो, साडी नेसवतो, दोन दिवस माहेरी नेऊन आणतो. तोवर तिनं उंबरा ओलांडायचा नाही. आत्यांना भाऊ नाही, भाचे पुण्याला. ते तेराव्याला आले आणि जेवून गेले. आठवडे उलटत चालले आणि आत्या मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या. जेवण निम्मं परत यायचं. पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, यांना जरा बाहेर हिंडवा. मी म्हणाले, हो. मी तेव्हा सगळ्याला हो म्हणत होते. मामांचे धाकटे भाऊ, आमचे नानाकाका, घरात मोठे उरलेले. त्यांनी सांगितलं की रीत ती रीत, भाचे येतील सवडीनं.

मार्गशीर्ष संपत आला आणि मामांचा मोबाईल वाजला. तो मी का चार्ज करत राहिले होते, मला सांगता येणार नाही. अंतूभाऊ होता. कधी येताय, विचारत होता. मी सांगितलं, मामा गेले. तो एवढंच म्हणाला, "ताईला दे." आत्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. काय बोलणं झालं, माहीत नाही. फोन माझ्या हातात देऊन त्या नानाकाकांसमोर येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन, आणि म्हणाल्या, "भावाचं बोलावणं आलंय. मी जाणार."

नानाकाकांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते म्हणाले की पौषात, वर्षाच्या आत, विधवा बाई, आणि जाणार कुठं तर दारूच्या गुत्त्यावर, लोक तोंडात शेण घालतील. आत्या या माणसासमोर आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "दरसाल साडी नेसवून राह्यला त्यो मला. तुमच्या रीतीत भाऊ दुसरं काय करतो, सांगा." नानाकाकांनी सुधाकरांकडं पाहिलं. सुधाकरांनी तिकीट काढायला मोबाईल हातात घेतला होता.

बागाला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तो दारातच उभा होता, म्हातारा झालेला, हातात साडी. हिरवीगार, जरीची. विधवेला असा रंग देत नाहीत हे त्याला कोण सांगणार. आत्यांनी ती खोलीवर जाऊन नेसली. पण मांडवाच्या दाराशी आल्यावर त्यांचे पाय थांबले. माझ्या लगेच लक्षात आलं. आत दिव्यांच्या माळा, वाजंत्री, नाच. इतक्या वर्षांत त्यांच्या लेखी ते लग्नच होतं, आणि लग्नाच्या मांडवात आता त्यांनी पुढं व्हायचं नव्हतं. त्या बाजूला सरकल्या, भिंतीला लागून उभ्या राहिल्या, नवरा गेलेल्या बाया आमच्याकडे राहतात तशा. अंतूभाऊ बाहेर आला, त्यानं कारण विचारलं नाही, फक्त म्हणाला, "ताई, चल, जेवण थंड होतं." आणि त्यांचा हात धरून घेऊन गेला.

आम्ही कोपऱ्यात बसलो. आत्या जेवल्या, पूर्ण ताट. मग आतलं वाजणं वाढलं, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. मी पाहिलं, आत्या समुद्राकडं तोंड करून काहीतरी म्हणतायत. पाणी हवं असेल म्हणून मी उठून त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"रंगनाथ," त्या म्हणत होत्या. "रंगनाथ. ओ रंगनाथ."

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी मामांचं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशन दुकानात विचारलं तरी सुधाकरांना पुढं करायच्या. आता शेताच्या बांधावरून माणसाला हाक मारावी तशा, मान उंच करून, हाका मारत होत्या. मला पाहून त्या लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "हितं कोणाला ऐकू येत न्हाई." मग माझा हात ओढून म्हणाल्या, "तू बी नाव घे."

मी तोंड उघडलं. नाव आलं नाही. "मामा" एवढंच आलं, आणि मग बराच वेळ तेच येत राहिलं.