भिवापूरहून आणलेला सत्यवान

आता आपल्याच तोंडानं आपली फजिती सांगायची म्हणजे आधी जीव घट्ट करावा लागतो. तुम्ही चहा घ्या. पण घोट पोटात गेल्याशिवाय हसू नका, ठसका लागेल.

मी तेव्हा शाळेत शिकवायची. म्हणजे दिवसा वर्गाला, आणि उरलेल्या वेळात जो हाती लागेल त्याला. उमरेड रोडला राहायचो आम्ही. पुढे हुडकेश्वरापर्यंत तेव्हा नुसती शेतं होती. घरात मी, आमचे हे आणि माझी नणंद सुमन. शेजारी एक बँकेतले साहेब राहायचे. त्यांनी सदर बाजारातल्या कोणाकडून तरी अल्सेशियनचं पिल्लू विकत आणलं आणि मोठ्या हौसेनं मला दाखवायला आले. बिचारे.

"जीव विकत घेतला तुम्ही?" मी म्हटलं. "रस्त्यावर इतकी पिल्लं उपाशी फिरतात आणि तुम्ही बाजारातून निवडून आणता? कुत्रं म्हणजे काय वांगी आहेत का?"

साहेब पिल्लू पोटाशी धरून घरी गेले. त्यानंतर ते त्याला मागच्या दारानं फिरायला नेत, मला दिसू नये म्हणून.

तर असं माझं तत्त्व. कुत्रं पाळावं तर निराधार. आणि नेमकं हे तत्त्व डोक्यात असताना आम्ही सुमनसाठी मुलाकडचं घर पाहायला भिवापूरला गेलो.

स्थळ चांगलं होतं. मुलाचे वडील देवरावजी, मिरचीचे मोठे शेतकरी. मुलगी त्यांनी आधीच पाहिली होती, आता आमची पाळी. घर पाहिलं, पोहे खाल्ले, देवरावजींच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडलो. सगळं जमल्यासारखं वाटत होतं. निरोप घेऊन आम्ही दोघं पायीच एस.टी. स्टँडकडे निघालो.

वाटेत मिरच्या वाळत घातल्या होत्या. सगळीकडे लालच लाल. तिथं एका बैलबंडीखाली एक पिल्लू बसलं होतं. अंगावर लाल तिखट, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि गळ्यात तुटका दोर.

मी जागीच थांबले. "पाहा," मी ह्यांना म्हटलं, "बांधून घातलं, डोळ्यांत तिखट टाकलं. माणसं आहेत का राक्षस?"

"अवं, मिरचीत लोळलं असन ते," हे म्हणाले. "कोणाचं तरी असन. इचारून पाह्य."

"कोणाला विचारू? ज्यानं तिखट टाकलं त्याला?"

मी पिल्लू उचललं, पिशवीत घातलं, वरून नॅपकिन टाकला आणि बसमध्ये जाऊन बसले. उमरेडपर्यंत ठीक होतं. मग पिशवी शिंकली.

कंडक्टर थांबला. "बाई, पिशवीत काय हाये?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मिरच्या."

पिशवी परत शिंकली. कंडक्टरनं वाकून पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मिरचीनं माणूस शिंकते, हे मले मालूम होतं. मिरचीच शिंकून राहिली, हे आज पाह्यलं." आणि पुढे गेला. भला माणूस.

घरी आणून सुमननं त्याला चार वेळा आंघोळ घातली. यमाच्या हातून सोडवून आणलं म्हणून मी त्याचं नाव ठेवलं सत्यवान. हाक मारली की तो दुसरीकडे पाहायचा. मी म्हटलं, धक्का बसला आहे बिचाऱ्याला, वेळ लागेल.

पण एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? शनिवारी मी देवरावजींना पत्र लिहिलं. आपल्या गावात मुक्या जिवाचे हाल करणारे नराधम राहतात, हे पाहून आम्ही हादरलो. आपल्यासारख्या प्रतिष्ठितांनी त्यांना शोधून चारचौघांत जाब विचारावा. दोन पानं. शाळेसमोरच्या पेटीत मी स्वतः टाकलं.

रविवारी सकाळी दारात देवरावजी उभे. पत्र एवढ्या लवकर पोचणं शक्य नव्हतं. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले.

"लग्नाच्या साक्षगंधाची तारीख ठरवाले येनार होतो," ते म्हणाले. "पण आता थोडं थांबा लागन. घरात कोनाचंच मन लागून नाही राहिलं. आमचा पोपट हरवला."

मी चपापले. त्यांच्या घरी तर कोणी पोपट दिसला नव्हता. ह्यांनी विचारलं, "पोपट म्हणजे?"

"मायचा लय जीव त्याच्यावर. चार दिवस झाले, माय जेवली नाही. चार महिन्याचा होय आमचा पोपट."

चार महिन्यांचं लेकरू. देवरावजींच्या थोरल्या मुलाचं असणार, त्या दिवशी आत झोपलं असेल. "अहो, पण चार महिन्यांचं बाळ जाईल कुठे?"

"जाईन कुठं म्हंजे? पयते न तो."

चार महिन्यांचं बाळ म्हणे पळतं! दुःखानं माणसाचं भान सुटतं. मी समजून घेतलं. "बाळ होतं कुठे त्या वेळी?"

"गोठ्यात बांधलं होतं. तुमी येनार होते न. तो पाहुन्यायच्या अंगावर चढते."

मी उठून उभी राहिले. ज्या घरात आमची सुमन द्यायची, त्या घरात पाहुणे आले की तान्ह्या लेकराला गोठ्यात बांधतात. आणि हे तो माणूस पोरीच्या घरी बसून सांगतो.

"बांधलं? लेकराला?"

"दोर तोडून गेला, बाई."

हे आता जोरजोरात खोकत होते. मला वाटलं, ह्यांनाही सहन होत नाही. 

"देवरावजी, पोलिसात जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. ज्यानं नेलं त्याला खडी फोडायला पाठवलं पाहिजे."

"मीबी तेच म्हनतो. मले शेजारच्या गनपतवर डाऊट होता. तो लय दिवसापासून मागून राहिला होता त्याले. मी भांडलो त्याच्याशी. त्यानं आमची वावरात जायची वाट बंद केली. पंचवीस वर्साचा दोस्त होय तो."

"अहो, मूल कोणी मागतं का?"

"मूल?" देवरावजींनी माझ्याकडे पाहिलं. "कुत्रं होय बाई तो. लाल, पांढऱ्या पायाचा. आमचा पोपट."

तो शेवटचा शब्द त्यांनी जरा मोठ्यानं उच्चारला. मागच्या अंगणात बादली पडल्याचा आवाज आला. सुमन ओरडली. आणि अंगभर साबणाचा फेस घेऊन आमचा सत्यवान बैठकीतून धावत आला, देवरावजींच्या मांडीवर चढला आणि आनंदाच्या भरात त्यांच्या स्वच्छ धोतरावर मुतला.

देवरावजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, डोळ्यांत पाणी होतं. फेस त्यांच्या बाह्यांना लागला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. म्हातारी चार दिवस उपाशी, पंचवीस वर्षांची दोस्ती तुटलेली, आणि चोर मी. वर दोन पानांचं पत्र टपालात पडलेलं. टपालातून काही परत काढता येत नाही, हे मी मुलांना शिकवलेलं होतं.

मग मी सगळं सांगितलं. बंडी, तिखट, दोर, माझं तत्त्व.

"विकत घेऊ नाही, हे बराबर हाये," ते म्हणाले. "आमच्याकडंबी कोनी विकत नाही. पन बाई, उचलाचंबी नसते. मागाचं असते. मागितलं असतं त मायनं काळजावर गोटा ठेवून देल्लं असतं. पाहुन्याले नाही कोन म्हनन?"

एवढं मुख्याध्यापिकेनंही मला कधी सुनावलं नव्हतं. आणि ते तर रागावलेही नव्हते.

पोपट त्यांच्यासोबत गेला. म्हातारी जेवली. गणपतरावांनी वाट मोकळी केली, पण त्याआधी देवरावजींकडून हात जोडून माफी मागवून घेतली, माझ्या वाटची. पत्रही पोचलं. ते देवरावजींनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं म्हणे, नराधमासकट. लोकांनी परत वाचायला लावलं.

सुमनचं लग्न त्याच घरी झालं, थाटात. मांडवात देवरावजी आपल्या सोयऱ्यांशी एकेकाची ओळख करून देत फिरत होते. एका बाईंना घेऊन माझ्यापाशी आले तेव्हा मी पदर सावरून उभी राहिले.

"ह्या आमच्या सुनंच्या वयनी," ते कौतुकानं म्हणाले. "शाळेत मास्तरीन हायेत. आमचा पोपट ह्यायनंच उचलून नेला होता."

त्या बाईंनी मला हसून नमस्कार केला. आणि मग शेजारी खेळत असलेलं आपलं लेकरू उचलून कडेवर घेतलं.