जाळ्याचा पिंजरा

नवरा शिमग्याला मुंबईहून आला तो नोकरी घालवून. माणसांची औषधं आधी जनावरांवर करून बघतात अशा एका ठिकाणी तो पिंजरे धुवायला होता. तिथल्या मुकादमाला त्याने मारलं. येताना खोक्यातून डझनभर गिनीपिग घेऊन आला. आमच्या गावाने ते जनावर कधी बघितलं नव्हतं. बिनशेपटीचा गलेलठ्ठ उंदीर, एवढंच मी म्हणेन. तिथल्या कंपाउंडरने त्याला सांगून ठेवलं होतं की वाढवून आगबोटीने पाठव, येतील तेवढे घेऊ. सुया टोचून मारायलाच ते लागत. नवऱ्याला ते ठाऊक होतं, मेलेले बाहेर काढायचं काम त्याचंच होतं.

सासऱ्यांची होडी होती. नवरा लहानपणी होडीवर ओकायचा, म्हणून त्यांनी त्याला डोलकाठीला बांधून ओल्या दोराने फोडला होता. पाठीवरचे वण मी लग्नानंतर बघितले. त्या भीतीनेच तो मुंबईला पळाला होता. आता सासऱ्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "नारळी पुनवेला होडी लोटताना मला एक हात कमी हाय. तोवर तुज्या उंदरांच्या पैशानं पेटारा भरला तर बरा. नाय तर तू चढायचंस."

नवरा हो म्हणाला. घर सासऱ्यांचं होतं.

जनावरं भराभर वाढत, खोकं पुरेना. मोठा पिंजरा हवा होता आणि तो फुकटात हवा होता. मुंबईला तारेची जाळी असे. रत्नागिरीच्या बाजारात मी तिचा भाव विचारला आणि तशीच मागे फिरले. आंब्याच्या खोक्यांची फळकुटं ठोकून बघितली, ती त्यांनी कुरतडली. बांबूच्या कामट्या लावल्या, त्यांचंही तेच. दात होते की काय होते. शेवटी चिऱ्याच्या खाणीवर तुटलेले चिरे पडून असत, ते आम्ही डोक्यावरून आणले. कुणाची हरकत नव्हती. खाली चिरे अंथरले, बाजूंना गुडघाभर उंच रचले. पोफळ चिरून चार खांब केले, वर माडाच्या विणलेल्या झावळांचे झाप घातले. बाजूंचा वरचा उरलेला भाग झाकायला नवऱ्याला आणखी चिरे आणायचे होते, पण पाऊस तोंडावर आला होता. सासऱ्यांनी पडवीतलं जुनं जाळं त्याच्या अंगावर फेकलं आणि म्हणाले, घे, फाटकं आहे, उंदरांना चालेल. जाळं दुहेरी करून आम्ही चहूबाजूंनी ताणून बांधलं. दिसायला पिंजरा चांगला झाला. आत माणूस वाकून उभा राहील एवढा.

त्या जाळ्याला मासळीचा वास होता. आम्हाला तो आला नाही. घरात, लुगड्यांत, केसांत तोच वास असल्यावर वेगळा काय येणार? पण पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. बंदरावर डोकं, आतडं, काही पडत नाही. गावातली मांजरं तेव्हा उपाशी मरतात.

आषाढात मी लावणीवरून दुपारी घरी आले तर मागच्या अंगाला किंकाळ्या चालल्या होत्या. बोक्यांनी जाळं चघळून त्याला भोक पाडलं होतं आणि आत शिरले होते. खाल्लं थोडंच, मारलं फार. पिल्लांची डोकी वेगळी पडली होती, एक मादी पोट फाटून फिरत होती. नवरा माझ्या मागोमाग आला. बाकीचे बोके भोकातून पळाले, एक आत अडकला. नवऱ्याने त्याला मागच्या पायांनी धरला आणि चिऱ्यावर आपटला. मेला तरी आपटत राहिला. बोक्याने त्याचा दंड फाडला होता, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पोट फाटलेली मादी मी कोयतीने मोकळी केली. लपायला आत ठेवलेल्या फुटक्या मडक्यातली चार-पाच तेवढी वाचली.

सासरे पडवीत वल्हं तासत बसले होते. हसले आणि म्हणाले, "बोक्यांना आषाढात जेवण घातलंस. पुण्य लागंल तुला."

नवऱ्याने जाऊन त्यांचा गळा धरला. रक्ताने हात निसटत होते, नाहीतर म्हातारा तेव्हाच गेला असता. मी नवऱ्याला केसांना धरून मागे ओढला. तो सुटतोय तोच सासऱ्यांनी वल्हं उचललं आणि दोन्ही हातांनी घातलं. नवऱ्याने उजवा हात आडवा केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सासरे म्हणाले, हळद लाव गो, आणि परत तासायला बसले.

हाडवैद्याने कामट्या बांधल्या आणि सांगितलं की नारळी पुनवेपर्यंत हाड जुळेल, हात वल्ह्याला चालेल. हे ऐकून सासरे खूश होते.

काही दिवसांनी मी शेण घेऊन मागच्या दाराने आले तर तो कामट्या सोडून बसला होता. मोडका हात उंबऱ्यावर आडवा ठेवून वर गुडघा रोवत होता. तोंडात पंचाचा बोळा होता. हाड परत सरकलेलं मला वरून दिसलं. मी विचारलं, काय चाललंय. त्याने बोळा काढला.

"गप ऱ्हा. परत बांध. होतं तसंच बांध."

मी बांधलं.

पुनवेला सासऱ्यांनी नारळ वाहिला आणि घरी येऊन कामट्या स्वतः सोडल्या. हात कोपराखाली वाकडा झाला होता, मूठ मिटत नव्हती. त्यांनी बोटं जबरीने मिटून बघितली, नवरा ओरडला. त्यांनी हात सोडून दिला. माझ्याकडे बघितलं, मी भांडी घासत होते. मग शेजाऱ्याच्या थोरल्या मुलाला हाक मारत ते बंदराकडे गेले.

होडी लोटल्याचा गलका वर घरापर्यंत आला. आम्ही पिंजऱ्यापाशी होतो. जाळं काढलं होतं, आता झापांपर्यंत चिरेच रचायचे होते, वाऱ्यापुरत्या फटी ठेवून. मी चिरा उचलून देई, तो डाव्या हाताने बसवी. वाकडा बसला की मी म्हणे, काढा. तो काढी.