क्वार्टरमधली कोमट बरणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी देवासच्या कन्याशाळेत विज्ञान शिकवत होते आणि स्वतःबद्दल माझं मत फार म्हणजे फारच चांगलं होतं. परदेशात कुणी दोघांनी टेबलावरच्या काचेच्या भांड्यात सूर्यातली ऊर्जा काढल्याचा दावा केला होता. शीत संलयन, म्हणजे कोल्ड फ्यूजन. मोठमोठ्या प्रयोगशाळांना ते जमेना, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांनी दावा निकालात काढला. मी म्हटलं, चिकाटी नाही मेल्यांना.

त्याला जड पाणी लागतं. बॅटरीवाल्याकडे मागितलं, तर तो म्हणाला, "भाभीजी, हमारे यहां सब पानी एक वजन का है." मग बॅटरीत घालायचं पाणी, चिमूटभर सोडा, दोन स्टीलचे चमचे आणि ह्यांच्या स्कूटरची बॅटरी. हे बिचारे बसनं कारखान्यात जायला लागले.

घरात घट बसले होते. क्वार्टरच्या भिंतीत आरपार कोनाडा होता, मधे नुसता पत्रा. पलीकडे स्वयंपाकघरात सासूबाईंचे देव, अलीकडे माझी बरणी. पाणी कोमट झालं. तिसऱ्या दिवशी बॅटरी पार संपली, तरी पाणी कोमटच. याहून मोठा पुरावा कुठला? मी पेपरवाल्याला बोलावलं. सातव्या माळेला फोटोसकट छापून आलं, आणि मोठ्या मॅडमनी दसऱ्यानंतरच्या प्रार्थनेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरवला.

अष्टमीला धारहून धाकटे दीर जेवायला आले. ते तिथं कॉलेजात फिजिक्स शिकवत. बरणीकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, ताडून बघायला दुसरी बरणी कुठंय? बिनतारांची?"

मी फणकारले. म्हटलं, भाऊजी, तुम्हीही त्या मोठ्या लोकांतलेच, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. त्यांनी पत्र्याला हात लावला आणि पलीकडे जाऊन आले. पत्र्याला टेकून सासूबाईंचा नंदादीप तेवत होता, नऊ दिवस, अखंड. तासभर विझवून बघू, असं भाऊजींनी म्हटल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या बरणीसाठी देवीला अंधारात बसवू?" मग भाऊजींनी बरणीशेजारी साध्या पाण्याची वाटी ठेवली. जेवणं उरकेपर्यंत तीही कोमट. मला श्रीखंड गोड लागलं नाही.

सत्काराच्या आत खुलासा छापून यावा म्हणून मी पेपरवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "मॅडम, गरम हुआ तो खबर है. ठंडा हो गया, उसमें काहे की खबर?"

म्हणजे मुलींसमोर तोंडानंच सांगणं आलं. दिव्याचं सांगून टाकावं, की मुकाट शाल घ्यावी? खोटं कशाला बोलू, शाल छान होती, मोरपंखी. पण उद्या याच मुलींना मी प्रयोग शिकवणार होते. माइक धरला आणि दिवा, पत्रा, वाटी, सगळं सांगितलं. आता हसतील, म्हणून वाट बघत राहिले.

कुणीच हसलं नाही. दहावीतली एक उठून म्हणाली, "पर मॅडम, पेपर में तो छपा है." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मोठ्या मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, इतका विनय बरा नव्हे, आणि शाल खांद्यावर घातलीच. त्या शालीत घामाघूम होऊन पुढचा अख्खा तास मी माझ्याच शोधाविरुद्ध पुरावे देत होते, आणि एक पोरगी हटायला तयार नव्हती.