दोन महासत्ता आणि एक आमटी

आमच्या घरात दोन महासत्ता आहेत. आई जुन्या निजामी मुलखातली. तिच्या आमटीत चिंच आणि झणझणीत तिखट, गुळाचं नाव काढायचं नाही. बायको पुण्याची, गुळाशिवाय तिचा घास उतरत नाही. रोज दोन पातेली चढतात आणि मी शहाणा दोन वाट्या घेऊन बसतो. "तुझ्या हाताची चव कुणालाच नाही," हे आईला स्वयंपाकघरात सांगायचं आणि तेच बायकोला गॅलरीत. पंधरा वर्षं निभावलं.

गेल्या महिन्यात आईनं पिशवी भरली. "तिकडे दिलसुखनगरला धाकट्या लेकाकडे राहायला जाते. इथं माझ्यावाचून अडलंय कुणाचं?" मी पिशवी धरून ठेवली. म्हटलं, "रविवारी माझं प्रदर्शन आहे, तेवढं बघून ठरव."

लिनोलियमवर कोरून व्यंगचित्रं छापायचा मला नाद आहे. विषय एकच, आपल्या देशाच्या परदेशी भानगडी. आमच्या शहरातल्या हिमायतनगरच्या हॉलमधलं सगळ्यात मोठं चित्र असं: देश म्हणजे पाटावर बसलेला ढेरपोट्या, दोन बाजूंना दोन बड्या राष्ट्रबाया. एक तेल वाढतेय, दुसरी तोफगोळे. तो दोघींनाही म्हणतोय, "तुझ्या हाताची चव कुणालाच नाही!"

आई चित्रापुढे थबकली. "नाकातली चमकी माझी आहे."

"आणि हा चष्मा माझा," बायको म्हणाली.

"अगं, ती परकी राष्ट्रं आहेत!"

"मग त्यांच्या हातात आपलं कानतुटकं पातेलं कसं?" बायकोनं बोट दाखवलं.

अरे देवा! कोरताना मला पत्ताच नव्हता. एव्हाना दोघी खालची ओळ वाचत होत्या.

"तुलाही हेच म्हणतो?" आईनं विचारलं.

"रोज. तुम्हालाही?"

शेजारी उभे असलेले एक म्हातारे मियाँ हळूच म्हणाले, "अब नक्को समझाओ साब, उनों समझ गए."

घरी येईपर्यंत दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत. आपसात मात्र भरपूर बोलल्या. जेवायला बसलो तर पानात एकच वाटी.

"दोघींनी मिळून केलीय," आई म्हणाली. "कशी झालीय?"

मी भुरका मारला. "वा—" एवढं तोंडातून निघालं, तशा दोघी माझ्याकडे टक लावून बघायला लागल्या. मी आणखी एक भुरका मारला.

"अळणी आहे," मी म्हणालो. "अजिबात मीठ नाही."

"घातलंच नव्हतं," बायको म्हणाली.

आईनं मिठाची बरणी माझ्यापुढे सरकवली आणि पिशवीतली लुगडी परत कपाटात ठेवायला उठली.