राणीचं कुंकू

अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या चर्चने ईस्टरला नाटक बसवायचं ठरवलं. बायबलच्या काळातला एक राजा, त्याला विष घालायला टपलेला प्रधान आणि परमुलखातून लग्न होऊन आलेली मूर्तिपूजक राणी. राणी कट उघडा पाडते आणि शेवटी राजाच्या देवाला शरण जाते. दिग्दर्शिका साठीच्या अमेरिकन बाई होत्या. त्यांनी राणीचं काम मला दिलं आणि मी हरखूनच गेले.

"तुला हे आतून कळेल," त्या म्हणाल्या. "तू कधी कन्व्हर्ट झालीस?"

"मी नाही झाले. माझ्या खापरपणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती आहोत. नगरला."

त्यांनी प्रेमाने माझा हात दाबला. ऐकलं काहीच नव्हतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही एक काकू मला दरवर्षी विचारतात, "काय मिळालं हो तुम्हाला, धर्म बदलून?" तिथेही मी हेच उत्तर देते, आणि तिथेही कुणी ऐकत नाही.

तिसऱ्या तालमीला बाईंनी कुंकवाची डबी आणली. शेवटच्या प्रवेशात मी कपाळ पुसायचं आणि गुडघे टेकायचे.

"त्या देशात, त्या काळात कुंकू कुठून आलं?" मी विचारलं.

"लोकांना पटकन कळेल ना!"

मग मी त्यांना आईबद्दल सांगितलं. आई दर रविवारी टिकली लावून चर्चला जायची. बाबा गेले तेव्हा शेजारच्या बायका ती काढायला पुढे झाल्या. आईने त्यांचे हात धरून ठेवले आणि काढू दिली नाही. पुढच्या रविवारीही ती टिकली लावूनच उपासनेला गेली.

बाईंचे डोळे भरून आले. "किती सुंदर! प्रयोगाआधी सगळ्यांसमोर तुझ्या श्रद्धेची साक्ष म्हणून सांगशील हे?"

कुंकू पुसणं मात्र तसंच राहणार होतं. माझं डोकं सणकलं. संहिता खुर्चीवर आपटून मी निघाले. घरी नवरा म्हणाला, "पाच मिनिटांचा सीन होता यार." त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

प्रयोगात चर्चच्या गायनवृंदातली एक गोरी मुलगी तोंडाला तपकिरी पावडर फासून राणी झाली. तिने कपाळ पुसलं आणि सगळं सभागृह उभं राहिलं. नवऱ्याने टाळीसाठी हात उचलले, माझ्याकडे पाहिलं आणि खाली घेतले. मी बसूनच राहिले.

निघताना दारात सगळ्यांना निरोप देणारे चर्चचे पाळक म्हणाले, "तुला स्टेजवर मिस केलं."

"आमच्या घरात पाच पिढ्या मराठीतून बायबल वाचतायत," मी मोठ्याने म्हणाले. मागची रांग थांबली. "पुढच्या वेळी कुणाचं कपाळ पुसायचं ठरवाल तेव्हा आधी मला विचारा."

"नक्की, नक्की," म्हणत त्यांनी माझ्या मागच्या माणसाशी हात मिळवला.

चर्च आम्ही बदललं नाही, मुलीच्या सगळ्या मैत्रिणी तिथे आहेत. पण बाई अजून समोरून हसत आल्या, की मी सरळ दुसऱ्या बाकांकडे वळते.