वजन वाढलं तेव्हाची गोष्ट
काल मेडिकलमध्ये स्पिरिटचा वास आला आणि मला एकदम ती तपासणीची खोली आठवली. माझ्या लहान बहिणीला सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे छातीत चिकट कफ साठतो आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तेव्हा तिचं वजन मस्त वाढलेलं, म्हणून तपासणीला जाताना आई कशेळीच्या ट्रॅफिकमध्येपण खूश होती. डॉक्टरबाईंनी बहिणीला झोपवलं, हातापायाला वायरी चिकटवल्या, आता मशीन सांगणार होतं की अंगात चरबी किती आणि स्नायू किती. मी नखं खात उभी. "हलू नको गं," आई म्हणाली. बहीण पडल्या पडल्या म्हणते, "मग कबड्डी खेळू?" कारण धावली की वजन उतरेल म्हणून आईनं तिचा खेळ बंद केलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाढली ती चरबी. स्नायू कमीच आहेत. खेळू द्या तिला." आई चिडलीच, "एवढं तूप घातलंय मी, ते वाया गेलं काय?" "तूप चालूच ठेवा हो, पण खेळल्याशिवाय ताकद कशी येणार?" परतताना काल्हेरच्या मैदानापाशी आईनंच रिक्षा थांबवली. "उतर. दम लागला तर बसायचं, ऐकतेस ना?" बहीण कधीच पळालेली. आता आई वजन नंतर बघते, आधी तिच्या पोटऱ्या दाबून बघते.